अंगणातील सायकस आणि घरातील मांजर

प्रस्तावना

घरात मांजर असणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. धान्याच्या कोठीपाशी, चुलीच्या उबेला किंवा दारातील पायरीवर अंग दुमडून बसलेले मांजर आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्याचप्रमाणे अंगणात चार शोभेची झाडे असावीत, अशीही आपल्याला हौस असते. परंतु या दोन आवडी कधी एकमेकींच्या आड येतील, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. काही शोभेची झाडे पाळीव प्राण्यांना विषारी असतात. त्यांपैकी सायकस या झाडाची ओळख आपण या पाठात करून घेणार आहोत. हे झाड विषारी का आहे, त्याचे विष मांजराच्या शरीरात कसे काम करते आणि आपल्या मुक्या सोबत्याला त्यापासून कसे जपावे, हे आपण समजून घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• सायकस आणि खरे पाम यांतील फरक ओळखता येईल;
• सायकसच्या विषाचे कार्य आपल्या शब्दांत स्पष्ट करता येईल;
• विषबाधेची लक्षणे व त्यांचा क्रम सांगता येईल;
• तातडीने काय करावे व काय टाळावे, हे ठरवता येईल;
• घर व परिसर मांजरासाठी सुरक्षित करण्याचे उपाय सुचवता येतील.

मूळ पाठ

एक प्रसंग

भिलाई हे छत्तीसगढमधील पोलादाचे शहर. येथील कारखान्यासाठी २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबरच सेक्टरांत विभागलेली आखीव वसाहत उभी राहिली. देशाच्या सर्व भागांतून लोक येथे नोकरीसाठी आले. त्यांत मराठी कुटुंबेही होती. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे आणि क्वार्टरपुढे लहानशी बाग, असे या वसाहतीचे रूप आहे.

आता एक काल्पनिक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. अशाच एका क्वार्टरमध्ये आजी, मुलगा, सून आणि नात राहत आहेत. घरात मनी नावाची मांजरी आहे. बागेच्या मध्यभागी एक रुबाबदार सायकस आहे. आजोबांनी ते वीतभर असताना लावले होते. आजोबा आता नाहीत. झाड मात्र कमरेइतके उंच झाले आहे. मे महिन्याचे दिवस आहेत. बागेतील हिरवळ करपून गेली आहे. झाडाच्या माथ्यावर नव्या, कोवळ्या पानांचा झुपका नुकताच उलगडला आहे. मनी तेथे खेळते, पाने कुरतडते. संध्याकाळी तिला दोन वेळा उलटी होते. उलटीत हिरव्या पानांचे तुकडे दिसतात.

“अगं, उन्हाचा त्रास झाला असेल. थोडे दूध पाज, बरे वाटेल,” आजी म्हणते.

“आजी, पण तिने त्या झाडाची पाने खाल्ली आहेत,” नात म्हणते.

या दोन वाक्यांच्या मध्ये मनीचा जीव आहे. घरातील मंडळी आजीचे ऐकून सकाळपर्यंत थांबली तर काय होईल, आणि नातीचे ऐकून लगेच निघाली तर काय होईल, हे समजण्यासाठी आधी या झाडाची ओळख करून घ्यावी लागेल.

पाम नव्हे, सायकस

रोपवाटिकेत या झाडाला ‘सायकस पाम’ किंवा ‘सागो पाम’ म्हणतात. ही दोन्ही नावे फसवी आहेत. नारळ, खजूर, सुपारी ही खरी पामकुळातील झाडे आहेत. त्यांना फुले व फळे येतात. सायकसला फूलही येत नाही आणि खऱ्या अर्थाने फळही धरत नाही. त्याचे बी फळात झाकलेले नसते. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला पाइन आणि देवदार यांच्याप्रमाणे अनावृतबीजी वनस्पतींत गणतात.

बागेत सर्वांत जास्त आढळणारी जाती म्हणजे सायकस रेव्होल्युटा. ती मूळची दक्षिण जपानमधील. ‘रेव्होल्युटा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘कडा मागे वळलेली’ असा आहे, आणि हीच या झाडाची चांगली खूण आहे. पानावरील अरुंद पर्णिकांच्या कडा खालच्या बाजूस वळलेल्या असतात व टोके सुईसारखी टोचतात. पाने गडद हिरवी, कडक आणि पिसासारखी असतात. कोवळ्या पर्णिका नेच्याच्या कोंबाप्रमाणे आत गुंडाळलेल्या असतात. नारळाचे नवे पान मात्र घडी घातलेल्या भाल्यासारखे सरळ वर येते. जुन्या पानांचे देठ तुटून उरलेल्या बुंध्यांनी सायकसचे खोड खरबरीत झालेले असते.

सायकसमध्ये नर आणि मादी झाडे निराळी असतात. नर झाडाच्या माथ्यावर पिवळसर तपकिरी, लांबट शंकू येतो. मादी झाडाच्या माथ्यावर लोकरीसारख्या मऊ लवेने मढलेली, कोबीच्या गड्ड्यासारखी रचना दिसते आणि तिच्यात नारिंगी-तांबड्या बिया तयार होतात. या बिया दिसण्यास मोहक असतात, आणि सर्वांत घातकही त्याच असतात.

सायकस ज्या गणात मोडते, तो गण अतिशय प्राचीन आहे. डायनोसॉरच्या काळातही पृथ्वीवर या गणातील वनस्पती होत्या. झारखंडमधील राजमहल टेकड्यांच्या खडकांत सायकससारख्या दिसणाऱ्या, पण आता नामशेष झालेल्या वनस्पतींचे जीवाश्म सापडतात. थोर भारतीय पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी १९३२ साली अशाच एका वनस्पतीचे संपूर्ण रूप जीवाश्मांच्या आधारे उभे केले. सायकसला पळता येत नाही, ओरडता येत नाही. पाने आणि बिया खाणाऱ्या प्राण्यांपासून बचाव करण्याचे त्याचे एक साधन म्हणजे विष. म्हणून या विषाला झाडाचा दुष्टपणा समजू नये. ते त्याचे कुंपण आहे.

साबुदाण्याशी संबंध आहे का?

‘सागो पाम’ हे नाव ऐकून कोणाच्याही मनात शंका येईल, की आपण उपवासाला खातो तो साबुदाणा या झाडापासून तर होत नाही ना? तसे मुळीच नाही. मूळचा सागो आग्नेय आशिया आणि न्यू गिनी येथील एका खऱ्या पामच्या खोडातील पिठापासून करतात. भारतातील साबुदाणा मात्र टॅपिओकाच्या कंदांपासून तयार होतो. तमिळनाडूतील सेलम परिसरात हा उद्योग १९४० च्या दशकात सुरू झाला व वाढला. तेव्हा साबुदाण्याची खिचडी निर्धास्तपणे खावी.

सायकसच्या खोडात व बियांतही पिष्ट असते, म्हणूनच त्याला सागोचे नाव चिकटले. पण ते तसेच खाता येत नाही. १७७० साली कॅप्टन कुक यांचे ‘एन्डेव्हर’ जहाज ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला दुरुस्तीसाठी थांबले होते. तेथील मूळ रहिवाशांच्या वस्तीजवळ सायकसच्या बियांची टरफले पाहून काही खलाशांनी त्या बिया खाल्ल्या आणि ते फार आजारी पडले. जहाजावरील डुकरांना त्या बिया घातल्या, तेव्हा काही डुकरे मेली. स्थानिक लोकांना मात्र या बिया दीर्घकाळ पाण्यात भिजवून, धुऊन विष काढून टाकण्याची रीत ठाऊक होती. दक्षिण जपानच्या बेटांवर १९२० च्या दशकात मोठी आर्थिक आपत्ती आली, तेव्हा लोकांना सायकसवर पोट भरण्याची वेळ आली. प्रक्रियेत कसूर झाली की विषबाधा होई. त्या काळाला तेथे ‘सायकसचा नरक’ असे नाव पडले. माणूस प्रक्रिया करून विष काढू शकतो; मांजर ते करू शकत नाही.

विष कसे काम करते?

सायकसमधील मुख्य विषारी द्रव्याला सायकासिन म्हणतात. जपानी संशोधकांनी ते १९५० च्या दशकात वेगळे केले. पाने, खोड, मुळे, बिया असा झाडाचा कोणताही भाग सुरक्षित नाही. बियांत विषाचे प्रमाण सर्वांत अधिक असते.

या विषाची एक विलक्षण गोष्ट अशी, की सायकासिन मूळ रूपात फारसे अपायकारक नसते. त्याच्या रेणूला साखरेचा एक घटक जोडलेला असतो. कुलूपबंद पेटीत ठेवलेल्या शस्त्रासारखी त्याची अवस्था असते. मात्र ते आतड्यात पोहोचले, की तेथील जिवाणूंची विकरे हा साखरेचा घटक तोडून टाकतात आणि पेटी उघडते. मोकळे झालेले द्रव्य रक्तावाटे यकृतात पोहोचते व तेथील पेशींचा नाश करू लागते.

यकृत हे शरीरातील एक महत्त्वाचे अवयव-केंद्र आहे. अन्नातील घटकांची साठवण, रक्त गोठण्यास लागणाऱ्या प्रथिनांची निर्मिती, रक्तातील साखरेचे नियमन, घातक द्रव्यांचा निचरा अशी अनेक कामे ते करते. ते निकामी होऊ लागले, की ही सर्व कामे एकापाठोपाठ एक कोलमडतात. कावीळ होते, रक्त गोठत नाही, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त जाते, मेंदूवरही परिणाम होतो. याशिवाय सायकसमध्ये मज्जासंस्थेला अपाय करणारी अन्य द्रव्येही असतात.

सायकसची विषबाधा कुत्र्यांत अधिक वेळा नोंदली गेली आहे, कारण कुत्रे बिया चघळतात व गिळतात. एकदोन बियांनीही कुत्रे दगावू शकते. मांजर बियांच्या वाटेला कमी जाते, पण पाने कुरतडते. आणि त्याचे शरीर लहान असल्यामुळे थोडे विषही त्याला भारी पडू शकते.

मांसाहारी मांजर झाड का खाते?

मांजर हा काटेकोर मांसाहारी प्राणी आहे. मग ते पाने का कुरतडते? गवत खाण्याची सवय मांजरांत उपजतच असते. रानटी पूर्वजांना त्यामुळे आतड्यांतील जंत बाहेर टाकण्यास मदत होत असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. शिवाय लांब, हलणारे पान म्हणजे मांजराच्या दृष्टीने एक खेळणेच असते. घरात कोंडलेल्या मांजराला दुसरे काही मिळाले नाही, तर ते कुंडीतील झाडाकडे वळते. लहान पिले तर प्रत्येक वस्तू दातांनीच तपासतात.

एक धोका सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सायकसची पाने अनेक दिवस टवटवीत राहतात, म्हणून पुष्पगुच्छांत आणि सजावटीत त्यांचा उपयोग करतात. अंगणात सायकस नसले, तरी समारंभाहून आणलेल्या गुच्छातून त्याचे पान घरात येऊ शकते.

फसवी सुधारणा

विषबाधेची लक्षणे एकदम सर्व दिसत नाहीत. ती टप्प्याटप्प्याने येतात. पान किंवा बी पोटात गेल्यावर काही मिनिटांपासून काही तासांत उलट्या सुरू होतात. तोंडातून लाळ गळते, जुलाब होतात, प्राणी सुस्तावतो व अन्नाला तोंड लावत नाही. त्यानंतर कधी कधी उलट्या थांबतात. आपल्याला वाटते, की संकट टळले. प्रत्यक्षात याच काळात यकृताचा नाश चालू असतो. दोन ते तीन दिवसांनी डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या आणि कानांची आतली त्वचा पिवळी दिसू लागते. अंगावर रक्त साकळल्याचे डाग पडतात, तोल जातो, झटके येतात. या अवस्थेत उपचार फार कठीण होऊन बसतात.

मांजराच्या स्वभावामुळे ही अडचण आणखी वाढते. आजारी मांजर कण्हत आपल्याजवळ येईलच असे नाही. ते पलंगाखाली, अडगळीत, काळोखात जाऊन बसते. म्हणून ‘ते शांत पडून आहे’ याचा अर्थ ‘ते बरे आहे’ असा घेऊ नये.

पहिल्या तासाचे मोल

सायकासिनवर उतारा म्हणून देता येईल असे कोणतेही औषध नाही. म्हणून विष आतड्यातून रक्तात जाण्यापूर्वी जेवढे बाहेर काढता येईल, तेवढे काढणे हाच उपचाराचा गाभा आहे. पशुवैद्य योग्य औषध देऊन उलटी घडवतात, विष शोषून घेणारा सक्रिय कोळसा देतात, शिरेतून द्रव व ग्लुकोज देतात, यकृताला आधार देणारी औषधे व आवश्यकतेनुसार ‘के’ जीवनसत्त्व देतात आणि काही दिवस रक्ताची तपासणी करत राहतात. यांतील पहिल्या दोन गोष्टींचा उपयोग जितक्या लवकर तितका अधिक.

आपण काय करावे?

१. मांजराच्या तोंडात अडकलेले पानांचे तुकडे हलक्या हाताने काढावेत. अंगाला लागलेला भाग ओल्या फडक्याने पुसावा. कारण मांजर अंग चाटते आणि तो पुन्हा पोटात जातो.
२. मांजराला झाडापासून दूर, बंद खोलीत किंवा टोपलीत ठेवावे.
३. पशुवैद्यांना दूरध्वनी करून झाडाचे नाव, खाल्लेला भाग, अंदाजे वेळ आणि मांजराचे वजन सांगावे.
४. झाडाची फांदी किंवा छायाचित्र, तसेच उलटीत आढळलेले तुकडे पिशवीत घालून बरोबर न्यावेत. झाड ओळखता आले, तर उपचाराची दिशा लवकर ठरते.
५. लक्षणे दिसण्याची वाट न पाहता निघावे.

काय टाळावे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. दूध हा विषावरचा उतारा आहे, ही समजूत चुकीची आहे. मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना तर दूध पचतही नाही आणि जुलाब वाढतात. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. मिठाने स्वतंत्र विषबाधा होऊ शकते आणि उलटीचा अंश श्वासनलिकेत जाऊ शकतो. माणसाची औषधे कदापि देऊ नयेत. विशेषतः पॅरासिटामॉल मांजरांना अत्यंत घातक आहे. माणसाचे यकृत ज्या मार्गाने या औषधाचा निचरा करते, तो मार्ग मांजराच्या यकृतात फारच क्षीण असतो. आपल्याला ताप उतरवणारी अर्धी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाने जवळच्या पशुवैद्यांचा क्रमांक आधीच लिहून ठेवावा आणि रात्री कोठे जाता येईल, याची चौकशी करून ठेवावी. दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. २०१२ साली स्थापन झालेले कामधेनू विश्वविद्यालयही तेथेच आहे. अशा संस्थांची माहिती संकट येण्यापूर्वी घेतलेली बरी.

कारखान्याकडून घेण्यासारखा धडा

पोलाद कारखान्यात सुरक्षिततेचे एक तत्त्व शिकवतात. धोका समोर आला, की प्रथम तो मुळातूनच दूर करता येतो का, हे पाहावे. ते शक्य नसेल तर त्याच्या जागी कमी धोक्याची वस्तू आणावी. तेही न जमल्यास मध्ये आडोसा उभारावा. आणि सर्वांत शेवटी माणसाच्या सावधगिरीवर विसंबावे, कारण सावधगिरी कधीतरी चुकतेच. हेच तत्त्व आपल्या अंगणालाही लागू पडते.

पहिला उपाय म्हणजे झाड तेथून हलवणे. सायकस मुळांसकट काळजीपूर्वक काढले, तर दुसरीकडे चांगले रुजते. काढताना हातमोजे घालावेत. बुंध्याशी फुटलेली पिले व मुळांचे तुकडे मागे राहू देऊ नयेत. छाटलेली पाने रस्त्याकडेला टाकू नयेत. मोकाट गाईगुरांनाही सायकसचे विष बाधते. ज्या घरात पाळीव प्राणी व लहान मुले नाहीत, तेथेच झाड द्यावे, आणि देताना त्याच्या विषारीपणाची स्पष्ट कल्पना द्यावी.

दुसरा उपाय म्हणजे पर्याय निवडणे. पिसासारख्या पानांची हौस असेल, तर अरेका पाम लावावा. तो मांजरांना विषारी नाही. त्याचबरोबर एका पसरट कुंडीत गहू पेरावेत. आठदहा दिवसांत कोवळे गवत उगवते. ते मांजराच्या नेहमीच्या जागेजवळ ठेवल्यास त्याची कुरतडण्याची इच्छा तेथेच भागते. भिलाईच्या कडक उन्हाळ्यात बाहेरची हिरवळ वाळून जाते, तेव्हा या कुंडीचा विशेष उपयोग होतो.

तिसरा उपाय आडोशाचा. झाड हलवणे शक्य नसेल, तर त्याभोवती वरूनही झाकलेली जाळी लावावी. उघड्या कुंपणाचा मांजराला अडथळा होत नाही. मादी झाडावरील बिया पिकण्यापूर्वीच काढून टाकाव्यात आणि खाली पडलेली पाने व बिया रोज झाडून घ्याव्यात. नव्या पानांचा झुपका येतो, त्या दिवसांत मांजराला बागेत एकटे सोडू नये.

सामायिक बागांचा प्रश्न याहून थोडा निराळा आहे. शेजाऱ्याच्या अंगणातील किंवा सार्वजनिक उद्यानातील झाड आपण काढू शकत नाही. पण आपण बोलू शकतो. माळीदादांना आणि शेजाऱ्यांना ही माहिती सांगितली, तर बिया वेळीच काढण्यास कोणी नकार देणार नाही. माहिती वाटल्याने एकाच घरातील नव्हे, तर सर्व गल्लीतील मांजरे सुरक्षित होतात.

आणखी काही विषारी झाडे

सायकस एकटेच विषारी नाही. कण्हेर आणि पिवळी कण्हेर यांच्या सर्व भागांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषे असतात. डायफेनबाकियाचे पान चघळल्यास त्यातील सूक्ष्म, सुईसारखे स्फटिक तोंडात रुततात व जिभेला सूज येते. पुष्पगुच्छांतील खऱ्या लिलीचे फूल तर मांजरांच्या मूत्रपिंडांना इतके घातक असते, की अंगावर पडलेले परागकण चाटल्यानेही प्राण धोक्यात येऊ शकतो. नवे रोप विकत घेताना त्याचे नेमके नाव विचारावे आणि ते प्राण्यांना सुरक्षित आहे का, याची खात्री करून घ्यावी.

झाडही जपायचे, मांजरही जपायचे

हे सर्व वाचून सायकसविषयी तिरस्कार वाटू नये. जगात या गणातील अनेक जाती आज संकटात आहेत. आंध्र प्रदेशातील तिरुमला परिसराच्या टेकड्यांत आढळणारी सायकस बेडोमी ही जाती इतकी दुर्मीळ आहे, की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत. १८९६ साली जपानी शास्त्रज्ञ इकेनो यांनी सायकसमध्ये पोहणाऱ्या नर जननपेशी शोधून काढल्या. उच्च वनस्पतींच्या इतिहासातील हा महत्त्वाचा शोध ज्या झाडाने दिला, ते झाड उद्यानांत जपलेच पाहिजे. फक्त त्याची जागा आपण विचारपूर्वक ठरवली पाहिजे.

आता पुन्हा त्या क्वार्टरकडे वळू. घरातील मंडळी सकाळपर्यंत थांबली असती, तर दुसऱ्या दिवशी मनी कदाचित बरी दिसली असती, आणि तिसऱ्या दिवशी तिचे डोळे पिवळे झाले असते. नातीचे ऐकून ती तासाभरात निघाली, पानांचे तुकडे बरोबर घेतले, तर तिच्या वाचण्याची आशा कितीतरी वाढते. मनी बरी होऊन घरी आली, तरी एक प्रश्न उरतोच. आजोबांनी लावलेले झाड काढायचे का? याचे उत्तर आजीलाच द्यावे लागेल. “त्यांनी झाड लावले, तेव्हा त्यांना हे कुठे ठाऊक होते? ठाऊक असते, तर त्यांनीच ते आधी हलवले असते,” असे म्हणून ती माळ्याला बोलावणे धाडते. एखाद्याची आठवण जपणे म्हणजे त्याने लावलेली वस्तू आहे तेथेच ठेवणे नव्हे. त्याच्या मनातील माया पुढे चालवणे, हे तिला उमगलेले असते.

शब्दार्थ

झोतभट्टी – लोहखनिजापासून लोखंड मिळवण्याची उंच भट्टी
अनावृतबीजी – ज्यांचे बी फळात झाकलेले नसते अशा (वनस्पती)
पर्णिका – संयुक्त पानाचा एक लहान भाग
जीवाश्म – खडकांत टिकून राहिलेले प्राचीन जीवांचे अवशेष
विकर – शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य
पिष्ट – धान्ये, कंद यांतील पिठूळ घटक
उतारा – विषाचा परिणाम नाहीसा करणारे औषध

तुम्ही काय शिकलात?

• सायकस हे पाम नसून प्राचीन अनावृतबीजी वनस्पती आहे. तिचे सर्व भाग विषारी असतात.
• सायकासिन आतड्यात पोहोचल्यावर घातक बनते व यकृताचा नाश करते.
• उलट्या थांबणे म्हणजे धोका टळणे नव्हे.
• या विषावर उतारा नाही. म्हणून पशुवैद्यांकडे त्वरित जाणे हाच मार्ग आहे.
• धोका दूर करणे, पर्याय शोधणे, आडोसा उभारणे आणि सावध राहणे, हा बचावाचा क्रम आहे.

स्वाध्याय

१. सायकस आणि नारळ यांच्या नव्या पानांत कोणता फरक दिसतो?
२. सायकासिनची तुलना कुलूपबंद पेटीतील शस्त्राशी का केली आहे?
३. ‘फसवी सुधारणा’ म्हणजे काय, ते चारपाच वाक्यांत लिहा.
४. आजीने शेवटी घेतलेला निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का? सकारण लिहा.
५. आपल्या घराच्या व शेजारच्या परिसरातील शोभेच्या झाडांची यादी करा. त्यांपैकी पाळीव प्राण्यांना विषारी कोणती, ते जाणकारांना विचारून नोंदवा आणि ही माहिती आपल्या वस्तीतील लोकांना सांगण्यासाठी एक सूचनाफलक तयार करा.